आयबीजेजेएफचं नियमपुस्तक: हौशी स्पर्धकाला कितपत उपयोगी?

"खालून उलटवलं, वर आलो, तरी पंचांनी दोन गुण दिलेच नाहीत." जिउ-जित्सूच्या स्पर्धेत पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे नवशिक्यांचे, सामने चालू असताना मॅटच्या कडेला ही तक्रार हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा पंचांचं बरोबर असतं. स्वीप म्हणजे खालून उलटवून वर येणं. त्याचे दोन गुण मिळतात ते फक्त गार्डमधून (समोरच्याला पायांनी अडवलेलं असताना) किंवा हाफ गार्डमधून (त्याचा एकच पाय अडकवलेला असताना) उलटवलं तर. माउंटखाली (वरचा अंगावर स्वार झालेला असताना) सापडलेल्याने ब्रिज मारून, म्हणजे कंबर उसळवून, वरच्याला उलटवलं, तर नियमाच्या भाषेत ती सुटका झाली, आणि सुटकेला गुण नाहीत. साइड कंट्रोलखालून, म्हणजे बाजूने छातीवर दाबून धरलेलं असताना, उलटवलं तरी तेच. वर्गात या उलटवण्याचं कौतुक होतं, म्हणून स्पर्धेतलं शून्य टोचतं. पण ही गोष्ट नियमपुस्तकात स्वच्छ लिहिलेली आहे आणि ते पुस्तक फुकट आहे.

इंटरनॅशनल ब्राझिलियन जिउ-जित्सू फेडरेशन, म्हणजे आयबीजेजेएफ, ही संस्था कार्लोस ग्रेसी ज्युनियर यांनी 2002 मध्ये उभी केली. या खेळाची जागतिक स्पर्धा 1996 मध्ये रिओ द जानेरोत सुरू झाली आणि 2007 पासून ती कॅलिफोर्नियात भरते. गी (जाड कापडाचा सदरा-पायजमा) घालून खेळायच्या जिउ-जित्सूत जगभर हीच चौकट प्रमाण धरली जाते. मुंबई-पुण्यातल्या किंवा गोव्यातल्या स्पर्धेच्या पत्रकावर 'आयबीजेजेएफ नियमांनुसार' असं छापलेलं दिसतं, ते या पुस्तकाला धरून. संस्थेच्या संकेतस्थळावर ते इंग्रजी आणि पोर्तुगीज भाषेत उतरवून घेता येतं. त्यात अधूनमधून दुरुस्त्या होतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारी जुनी प्रत वापरू नये, दर स्पर्धेआधी नवी घ्यावी.

आधी गुणांबद्दल, कारण पुस्तकाचा सर्वांत पक्का भाग तोच आहे. टेकडाउन, स्वीप आणि पोटावर गुडघा, प्रत्येकी 2. गार्ड पास 3. माउंट 4, पाठीमागून माउंट (समोरचा पालथा असताना त्याच्या पाठीवर स्वार होणं) 4, पाठीचा ताबा (मागून पाय आत अडकवून धरणं) 4. हे आकडे कुणी हवेत ठरवलेले नाहीत. जिथून समोरच्याला इजा करणं किंवा गळा आवळणं सोपं, तिथे गुण जास्त. समोरचा पायांनी अडवू शकतो तोवर तुम्ही अर्ध्या वाटेवर असता, म्हणून नुसतं पाडण्याला 2 आणि पायांच्या पलीकडे जाण्याला 3. पाठ मिळाली की समोरच्याला तुम्ही दिसत नाही आणि त्याचे हातही तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून 4. नवशिक्याने हा तक्ता पाठ केला तरी कुठल्या जागेवरून कुठे जायचं हे त्याला आपोआप कळतं. नियमपुस्तकाने शिकवण्याचंही काम करावं, ही मोठीच जमेची बाजू.

तालमीतून आलेल्या पोरांसाठी मात्र इथे एक वेगळा खड्डा आहे. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, खेळ खलास. जिउ-जित्सूत पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं हेच निम्मं शास्त्र. एकेरी किंवा दुहेरी पट काढून पाडणारा मल्ल 2 गुण सहज घेतो, त्याला अडचण नाही. अडचण येते तो स्वतः पडतो तेव्हा. वर्षानुवर्षांच्या सवयीने तो पाठ वाचवायला पोटावर वळतो आणि समोरच्याला पाठ आयती देऊन बसतो. पडल्याचे 2, वर पाठीचे 4, शिवाय गळ्याला हात. हा माणूस पडल्या पडल्या पाठीवर राहून पाय मध्ये घालायला शिकला, तर नुकसान 2 गुणांवर थांबतं.

नवख्यांची सर्वांत जास्त पडझड होते ती तीन सेकंदांच्या नियमात. कुठल्याही जागेचा गुण मिळायला ती जागा 3 सेकंद स्थिर धरावी लागते. गार्ड पास जवळून पाहू. वरचा खेळाडू गुडघा आडवा सरकवत पलीकडे गेला, छाती समोरच्याच्या छातीवर आली, काखेखालून हात गेला. प्रेक्षकांना वाटतं पास झाला. पण खालच्याच्या दोन पायांत वरच्याचा घोटा अजून अडकलेला आहे. ही जागा हाफ गार्डच, आणि हाफ गार्डला गुण नाहीत. तो घोटा सुटून दोन्ही पाय पलीकडे गेले की पंचांची मनातली मोजणी सुरू होते. दुसऱ्या सेकंदाला खालच्याने गुडघा मध्ये सरकवून पुन्हा गार्ड घेतला, तर 3 ऐवजी जास्तीत जास्त एक अॅडव्हान्टेज (गुण थोडक्यात हुकल्याची नोंद) हाती लागतो. घोटा सुटताच माउंटकडे झेपावणारे बरेच असतात आणि तिथेच जागा सुटते. आधी खांद्याने समोरच्याची हनुवटी पलीकडे वळवायची, कंबर जमिनीला लावायची, तीन श्वास तिथेच थांबायचं, मग पुढे.

गंमत म्हणजे चाल न थांबता पुढे सरकली, तर हाच नियम उदार होतो. स्वीप करून थेट माउंटमध्ये आलात तर 2 अधिक 4 असे 6 गुण एकदम मिळतात, आणि 3 सेकंद धरायचे ते फक्त शेवटच्या जागेत. पास करून लगेच माउंट, 7. माउंटमधून पाठ घेतली, आणखी 4. मात्र माउंट आपणहून सोडायचा आणि पुन्हा तोच घेऊन गुण मोजायचे, हे चालत नाही. समोरच्याने गार्ड परत मिळवला आणि तुम्ही पुन्हा पास केलात, तर ते नवे गुण. तसंच, वरचा माणूस पास करून बसला पण त्याची मान अजून गिलोटीनमध्ये (समोरून हाताने आवळलेल्या गळ्याच्या पकडीत) आहे, तर ती सुटेपर्यंत त्याला काही मिळत नाही. खालच्याने हे लक्षात ठेवून पकड सोडायची घाई करू नये.

पाठीच्या गुणांबद्दल एक बारकावा पुस्तकात स्पष्ट आहे, पण वर्गात सहसा सांगत नाहीत. दोन्ही टाचा समोरच्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला हव्यात आणि पावलं एकमेकांवर चढलेली नसावीत. पायांनी समोरच्याचा एक हात अडकला तरी चालतो, दोन नाहीत. म्हणजे कमरेभोवती पायांचा त्रिकोण बांधला की पकड लोखंडी होते, पण 4 गुण मिळत नाहीत. आधी दोन हुक (मांड्यांच्या आत दोन्ही टाचा) घालून तीन सेकंद, गुण पडले की मग हवा तर त्रिकोण, असा क्रम ठेवावा.

आता पुस्तकाची कच्ची बाजू, म्हणजे अॅडव्हान्टेज. गुणाच्या अगदी जवळ गेलात किंवा टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला, लावण्याइतका खरा धोका निर्माण केलात, तर अॅडव्हान्टेज. पण 'अगदी जवळ' म्हणजे किती, ते पंचांच्या नजरेवर सोडलंय. आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणणाऱ्या लॉकमध्ये) हात किती सरळ झाला म्हणजे धोका खरा? दोन मॅटवर दोन पंच वेगळं ठरवतात, आणि बरोबरीच्या सामन्यात निकाल त्यावरच लागतो. गुण समान असतील तर अॅडव्हान्टेज पाहतात, ते समान असतील तर ज्याच्या पेनल्टी कमी तो जिंकतो, तेही समान असेल तर पंचांचा निर्णय.

पेनल्टीची शिडी अशी: पहिली नुसती नोंद, दुसरीला समोरच्याला अॅडव्हान्टेज, तिसरीला समोरच्याला 2 गुण, चौथीला बाद. हिचा परिणाम एका साध्या सामन्यावर पाहा. पाच मिनिटांचा सामना, दोघांतल्या एकाच्या कमरेला ओळखीसाठी हिरवी-पिवळी पट्टी. हिरव्या-पिवळ्या पट्टीवाल्याने एकेरी पट काढून पाडलं, 2-0. खालच्याने गार्डमधून स्वीप केला, 2-2. वर आलेल्याने पास जवळजवळ पूर्ण केला, पट्टीवाला कसाबसा हाफ गार्डमध्ये परतला, वरच्याला एक अॅडव्हान्टेज. आता वरचा पुढे आहे, म्हणून तो हाफ गार्डमध्ये छाती दाबून नुसता बसतो. 20 सेकंद काहीच प्रयत्न नाही, पहिली पेनल्टी. थोडी हालचाल करतो, पुन्हा 20 सेकंद गप्प, दुसरी पेनल्टी आणि समोरच्याला अॅडव्हान्टेज. गुण 2-2, अॅडव्हान्टेज 1-1, पेनल्टी एकाला शून्य, दुसऱ्याला दोन. वेळ संपली आणि पट्टीवाला जिंकला. स्वीप करणारा, पास आणणारा माणूस फक्त बसून राहिल्यामुळे हरला. शिडी योग्यच आहे, बसून राहणाऱ्याला शिक्षा हवीच. पण या घसरणीची सुरुवात ज्या अॅडव्हान्टेजने झाली, त्याची व्याख्या इतकी सैल असणं हौशी खेळाडूला परवडत नाही. एका गुणाने पुढे असलात तरी काम करत राहायचं, निदान दर दहा सेकंदांना काहीतरी खरा प्रयत्न दिसला पाहिजे. माउंट, पाठ, साइड कंट्रोल किंवा नॉर्थ-साउथखाली (डोक्याच्या बाजूने छाती दाबलेली असताना) बचाव करणाऱ्याला मात्र रेंगाळल्याची पेनल्टी लागत नाही, तेव्हा तिथे घाबरून हात बाहेर काढू नये.

दोघेही एकदम गार्ड ओढून (समोरच्याला धरून आपणहून खाली जाऊन) बसले तर 20 सेकंदांची मोजणी लागते. त्यात कुणीच वर आलं नाही तर दोघांनाही पेनल्टी. आधी वर येणाऱ्याला अॅडव्हान्टेज मिळतो, म्हणून बसण्यापेक्षा उठण्याचा सराव जास्त करावा. गीला पकड न घेता नुसतं खाली बसणं हीसुद्धा पेनल्टीच.

बंदी असलेल्या चालींचा सचित्र तक्ता हा पुस्तकातला सर्वोत्तम भाग. वय आणि पट्टा पाहून काय चालतं, काय नाही, ते एका नजरेत कळतं, आणि इथे संस्थेने खरोखर खेळाडूच्या सांध्यांचा विचार केलाय. सरळ घोट्याचा लॉक 16 वर्षांपासून पुढे पांढऱ्या पट्ट्यालाही चालतो. मनगटाचा लॉक पांढऱ्याला नाही, प्रौढ निळ्यापासून पुढे आहे. नीबार (गुडघा ताणणं), टो होल्ड (पाऊल मुरगाळणं), पोटरी किंवा दंडाचा स्लायसर (स्नायू हाडावर दाबणं) हे प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यालाच. हील हुक, म्हणजे टाच फिरवून गुडघा मुरगाळणं, गीमध्ये कुणालाच नाही. गीशिवायच्या खेळात 2021 पासून प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना तो खुला केला. दोन्ही पायांची कात्री घालून पाडणं सर्वांना बंद. आर्मबार किंवा ट्रँगलमध्ये (पायांनी आवळलेल्या गळ्याच्या पकडीत) सापडल्यावर समोरच्याला उचलून आपटणंही बंद. पांढऱ्या पट्ट्याने उडी मारून क्लोज्ड गार्ड घेणं (कमरेभोवती पाय बांधणं) बंद, कारण पेलायला तयार नसलेल्याच्या गुडघ्यावर अख्खं वजन येतं. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना समोरून गिलोटीनही नाही. पालकांनी तक्त्याचा तेवढा रकाना तरी वाचावाच.

यातली नी रीपिंगची बंदी पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांना सर्वांत जास्त नडते, कारण करणाऱ्याला कळतच नाही की ती झाली. तुम्ही खाली बसून समोरच्याचा पाय दोन पायांत घेतलाय, त्याचं पाऊल काखेत आहे. पकड घट्ट करताना तुमचा बाहेरचा पाय त्याच्या मांडीवरून आत जातो आणि पाऊल त्याच्या शरीराची मधली रेषा ओलांडतं. पाऊल काखेत अडकल्यामुळे त्याचं खालचं हाड फिरू शकत नाही आणि वरून गुडघा आत ढकलला जातो. गुडघ्याची बाजूची आणि आतली अस्थिबंधनं त्या वळणासाठी बनलेलीच नाहीत. गीमध्ये शिक्षा थेट बाद. उपाय सोपा आहे: बाहेरच्या पायाचं पाऊल त्याच बाजूच्या कमरेवर लावायचं, मधल्या रेषेच्या अलीकडेच ठेवायचं. लॉक लावताना ज्या पावलावर हल्ला नाही त्या बाजूला वळणंही निषिद्ध आहे. वर्गात पाहणारा जोडीदार असेल तर त्याला फक्त या पावलावर नजर ठेवायला सांगावं.

तोंडाबद्दलचे नियम वाचले नाहीत तर सामना हातचा जातो. लॉकमध्ये असताना वेदनेने ओरडलात, नुसतं "आई गं" निघालं, तरी तो तोंडी टॅप धरला जातो. लॉकमधून वाचायला मुद्दाम मॅटबाहेर गेलात, बाद. स्वीप टाळायला बाहेर पळालात, समोरच्याला 2 गुण. सामना चालू असताना पंचांशी बोलायला गेलात, पेनल्टी. समोरच्याच्या बाहीच्या किंवा पायजम्याच्या आत बोटं घालून पकड घेतली, पेनल्टी. ही शेवटची चूक थकल्यावर नकळत होते, म्हणून सरावातच बाहेरून कापड मुठीत धरायची सवय लावावी.

मॅटवर पाऊल ठेवण्याआधी बाद होणारेही असतात. वजन गी घालून होतं, पहिल्या सामन्याच्या अगदी आधी, आणि संधी एकच. प्रौढ पुरुषांत 57.5, 64, 70, 76, 82.3, 88.3, 94.3 आणि 100.5 किलो अशा मर्यादा आहेत, त्यापुढच्या गटाला वरची मर्यादा नाही. महिलांत 48.5, 53.5, 58.5, 64, 69, 74 आणि 79.3. गी दीड ते दोन किलोचा असतो, म्हणून 76 च्या गटात उतरणाऱ्याने अंगाचं वजन 74 च्या आत ठेवावं, आणि घरच्या काट्यावर गी घालूनच उभं राहावं. 100 ग्रॅम जास्त भरलं तरी दुसरी फेरी नाही. मग गीचं माप. पांढरा, रॉयल निळा किंवा काळा, वरचा आणि खालचा एकाच रंगाचा. हात समोर सरळ धरले की बाही मनगटाच्या हाडापासून 5 सेंटिमीटरपेक्षा वर नको, पायजमा घोट्याच्या हाडापासून 5 सेंटिमीटरपेक्षा वर नको. पट्टा 4 ते 5 सेंटिमीटर रुंद, गाठीनंतरची टोकं 20 ते 30 सेंटिमीटर. सुती गी गरम पाण्यात धुतला की बाही आक्रसते आणि दुकानात बरोबर बसलेला गी तिसऱ्या महिन्यात मापाबाहेर जातो. स्पर्धेचा गी थंड पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, आणि पिशवीत दुसरा ठेवावा.

वयाचा हिशेब जन्मवर्षावरून होतो, वाढदिवसावरून नाही. डिसेंबर 1995 चा जन्म असेल तर 2025 च्या जानेवारीतच तुम्ही 30 चे, म्हणजे मास्टर 1 मध्ये खेळायला पात्र. प्रौढांचा सामना पांढऱ्याला 5 मिनिटं, निळ्याला 6, जांभळ्याला 7, तपकिरीला 8, काळ्याला 10. मास्टर 2 पासून पुढे सर्वांना 5. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं.

पुस्तक म्हणून ते वाचायला कंटाळवाणं आहे. वाक्यं करारनाम्यासारखी, एक नियम तीन ठिकाणी विखुरलेला, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याने कुठून सुरुवात करावी याचा पत्ता नाही. वाचताना आधी बंदीचा तक्ता घ्यावा, मग गुण, मग पेनल्टी, शेवटी गी आणि वजन. पंचांच्या खुणा आणि पोर्तुगीज आज्ञा वेगळ्या कागदावर लिहून घ्याव्यात. 'कोंबाची' म्हणजे सुरू करा, 'पारो' म्हणजे थांबा, 'लूची' म्हणजे रेंगाळू नका, लढा. तळवा खाली करून आडवा धरलेला हात म्हणजे अॅडव्हान्टेज, वर धरलेली बंद मूठ म्हणजे पेनल्टी. पंचांच्या एका मनगटाला हिरवा-पिवळा पट्टा असतो, त्या हाताने दाखवलेलं सगळं हिरव्या-पिवळ्या पट्टीवाल्याचं. हे ठाऊक असलेला खेळाडू फलकाकडे मान न वळवता आपण कुठे आहोत ते ओळखतो.

पर्याय आहेत, पण पहिल्या स्पर्धेसाठी नाहीत. एडीसीसी या गीशिवायच्या मोठ्या स्पर्धेच्या पद्धतीत सामन्याच्या पहिल्या भागात गुणच नसतात, गुण मोजणं सुरू झाल्यावर गार्ड ओढला तर उणे 1, माउंटला फक्त 2, पाठीला 3. कुस्तीतून आलेल्यांना ती आवडेल, पण पायांच्या लॉकवर तिचा रोख जास्त आणि गीशिवायचा सराव हवा. ईबीआय या आणखी एका स्पर्धेच्या पद्धतीत गुणच नाहीत, बरोबरी झाली तर पाठ किंवा आर्मबारच्या ठरलेल्या जागेतून जादा फेरी. पाहायला सुंदर, पण नवख्याच्या कोपरासाठी कठीण. आशियाई खेळांत 2018 मध्ये जकार्ताला आलेली ने-वाझा (जमिनीवरच्या लढतीचा प्रकार) जेजेआयएफ या वेगळ्या संस्थेची, तिची गुणांची चौकट बरीचशी अशीच आहे, त्यामुळे इथे घडलेला खेळाडू तिकडे गोंधळत नाही.

एकूण पाचपैकी चार. एक गुण कापला तो अॅडव्हान्टेजच्या सैल व्याख्येसाठी. स्थानिक स्पर्धेला नाव देताना आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: सामन्याची वेळ पुस्तकातलीच आहे की कमी केली आहे, वजन गीसह आहे की आदल्या दिवशी गीशिवाय, आणि पांढऱ्या पट्ट्याला घोट्याचा लॉक खुला आहे की नाही. पत्रकावर 'आयबीजेजेएफ नियम' लिहूनही या तीन जागी बदल केलेले आढळतात.